जुलैतलं बाष्प उपग्रहावरून मोजायचं असेल, तर आधी जोड्या मोजा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कृषी हवामानशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याने इनसॅट-३डी उपग्रहाच्या इमेजरवरची तीन ब्राइटनेस टेंपरेचर (उपग्रहाला मिळालेल्या किरणांवरून काढलेली तापमानं) घेतली आहेत: ६.८, १०.८ आणि १२ मायक्रॉनची. सांताक्रूझ आणि नागपूरच्या रेडिओसाँड फुग्यांवरून (तापमान आणि आर्द्रता मोजत वर जाणारे फुगे) काढलेलं एकूण बाष्प त्यांच्याशी जोडून चार वर्षांच्या डेटावर रिग्रेशन केलं, म्हणजे एका वेळची तापमानं आणि बाष्प अशा जोड्यांवरून बाष्पाचं समीकरण बसवलं. फुग्याच्या आणि समीकरणाच्या आकड्यांचा सहसंबंध ०.९ आला. वर्षभराची सरासरी ३५ मिलिमीटर. पण जुलैत फुगा ६५ सांगतो तिथे समीकरण ५० देतं, आणि जानेवारीत १५ असतं तिथे १९. पुढे त्याला महाराष्ट्राचे महिनावार नकाशे करायचे आहेत. आणि प्रश्न: साधं रिग्रेशन सोडून न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून वक्र संबंधही शिकणारी संगणकीय पद्धत) वापरू का?

माझं उत्तर: आत्ता नको. गेली अठरा वर्षं मी हेच काम करते आहे, आणि हा प्रश्न माझ्यापुढे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतो. तुमची अडचण समीकरणाच्या प्रकारात फारशी नाही. ती तुम्ही समीकरणाला कोणतं आकाश दाखवलंत, यात आहे. हे नीट उलगडून सांगते, कारण यात चूक झाली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ, म्हणजे नवीन वाचणाऱ्यांनाही सोबत येता येईल. एकूण बाष्प म्हणजे डोक्यावरच्या पूर्ण हवेतली वाफ पिळून जमिनीवर पाणी म्हणून पसरली, तर जेवढे मिलिमीटर भरेल तेवढं. जगाची सरासरी २५ मिलिमीटरच्या आसपास आहे. कोकणात भर पावसाळ्यात ६० ते ७० पर्यंत जातं. उपग्रह ही वाफ थेट मोजत नाही. तो किरणं मोजतो, आणि वाफेने किरणांत काय फरक पाडला यावरून आपण मागे जातो. मागे जायचा एक रस्ता भौतिकशास्त्राच्या समीकरणांचा, दुसरा संख्याशास्त्राचा. तुम्ही दुसरा घेतलाय, आणि तो चांगला रस्ता आहे. अट एवढीच की मधल्या प्रत्येक वळणावर भौतिकशास्त्र काय म्हणतंय ते विचारत जायचं.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. जानेवारीतले १९ पाहून घाबरू नका. लघुतम वर्गाचं रिग्रेशन अंदाज नेहमी सरासरीकडे ओढतं, तो त्याचा स्वभावच आहे. किती ओढतं हेही काढता येतं. खरं मूल्य सरासरीपासून जितकं दूर, त्याला सहसंबंधाच्या वर्गाने गुणा. ०.९ चा वर्ग ०.८१. जानेवारीत खरं मूल्य सरासरीच्या २० खाली आहे. २० गुणिले ०.८१ म्हणजे १६.२, आणि ३५ वजा १६.२ म्हणजे जवळपास १९. तुम्हाला आलं तेच. जानेवारीचा हिशेब इथेच लागला.

जुलैचा मात्र लागत नाही. ६५ म्हणजे सरासरीच्या ३० वर. ३० गुणिले ०.८१ म्हणजे २४.३, म्हणून उत्तर ५९ च्या आसपास यायला हवं होतं. तुम्हाला ५० आलं. पंधरा मिलिमीटरच्या तुटीतले सहा रिग्रेशनच्या स्वभावाने खाल्ले. उरलेले नऊ कुठे गेले? खरा प्रश्न हा आहे. न्यूरल नेटवर्कने हे नऊ परत मिळणार नाहीत, कारण ते कुठल्या वक्र रेषेत हरवलेले नाहीत. ते मोजमापातच हरवले आहेत.

१०.८ आणि १२ मायक्रॉनची जोडी काम कशी करते ते बघा. दोन्ही चॅनेल जमिनीकडे पाहतात, पण १२ मायक्रॉनवर वाफ जरा जास्त शोषून घेते. त्यामुळे हवा जितकी दमट, तितकं १२ चं तापमान १०.८ पेक्षा खाली जातं. कोरड्या हवेत फरक अंशाच्या आत-बाहेर, दमट हवेत दोन-तीन अंश. स्प्लिट विंडो म्हणतात ती हीच. पण हा फरक नुसत्या वाफेवर ठरत नाही. वाफ जमिनीकडून येणारी किरणं शोषते आणि स्वतःच्या तापमानाची किरणं वर सोडते. जमीन ५० अंशांवर आणि हवा ३८ वर असेल, तर ही अदलाबदल उपग्रहाला ठळक दिसते. जमीन आणि हवा दोन्ही २७ अंशांवर असतील, तर शोषलं काय आणि सोडलं काय, बेरीज तीच. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहिल्यासारखं होतं. अक्षर असतं, पण वाचता येत नाही.

महाराष्ट्रात हे दोन्ही टोकांचे दिवस दोन महिन्यांच्या अंतराने येतात. मे महिन्यात नांगरून पडलेली विदर्भातली काळी जमीन दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. हवा तशी कोरडी असते, तरी चॅनेलांमधला फरक मोठा येतो. जुलैत तीच जमीन भिजलेली, हवेइतकीच गार. हवेत मेच्या दुप्पट वाफ असून फरक तेवढा वाढत नाही. एकच उतार (फरकाच्या एका अंशाला किती मिलिमीटर) दोन्ही ऋतूंना लावला की मेला जास्त दाखवणार आणि जुलैला कमी. तुमच्या नऊपैकी काही मिलिमीटर इथे गेले आहेत, अशी माझी जवळपास खात्री आहे. मेच्या जोड्या वेगळ्या काढून बघा. तिथे समीकरण खऱ्यापेक्षा जास्त दाखवत असेल, तर हीच खूण.

त्यात दुसरी भर. वाफ ५० मिलिमीटरच्या पुढे गेली की ही खिडकीच धुरकट होते. खालच्या थरातलं शोषण वाफेच्या दाबाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतं, आणि उपग्रहाला जमिनीपेक्षा हवाच जास्त दिसू लागते. फरकाची वाढ मंदावते. इथे वक्र समीकरणाने थोडा फायदा होतो. त्यासाठी फरकाचा वर्ग हे एक पद वाढवलं तरी पुरतं.

तिसरी गोष्ट ढगांची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हातात कागद घ्या आणि मोजा. चार जुलै म्हणजे १२४ दिवस. दिवसाला दोन फुगे, पहाटे साडेपाचचा आणि संध्याकाळी साडेपाचचा, म्हणजे एका ठिकाणच्या २४८ नोंदी. इन्फ्रारेड ढगाच्या पलीकडे बघू शकत नाही, म्हणून क्लाउड मास्क लावून ढगाळ नोंदी तुम्ही काढून टाकल्या असणार. समजा दहातली एक निरभ्र निघाली. उरल्या पंचवीस. वर्षभरातून तुमच्याकडे हजारभर जोड्या असतील, त्यात जुलैच्या पंचवीस. बाकीच्या बहुतेक ऑक्टोबर ते मे. समीकरण कोणाचं ऐकणार ते उघड आहे.

आणि त्या पंचवीस तरी कोणत्या? पावसाने उघडीप दिली त्या दिवसांच्या. उघडिपीच्या दिवशी वरची हवा कोरडी असते, म्हणून तर ढग नसतात. म्हणजे तुमच्या समीकरणाने जुलै असा पाहिलेलाच नाही, त्याने जुलैतली उघडीप पाहिली आहे. शिवाय मास्कमधून निसटलेले छोटे ढग असतातच. चार किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये दोन-चार कापसासारखे ढग असले तर मास्कला कळत नाहीत. त्या ढगांखालची सगळी वाफ झाकली जाते, फरक कमी होतो, अंदाज खाली घसरतो. विरळ उंच ढग असेल तर उलटं होतं. तो १२ मायक्रॉनवर जास्त शोषतो, फरक फुगतो आणि कोरडी हवासुद्धा दमट दिसते. आणि एप्रिल-मे महिन्यांत वायव्येकडून धूळ आली तर फरक चक्क उणे होऊ शकतो, कारण धुळीतलं सिलिकेट १०.८ वर जास्त शोषतं. असे दिवस सापडले तर रिग्रेशनला देऊ नका. आउटलायर, म्हणजे रांगेबाहेरचा आकडा, म्हणून आंधळेपणाने पुसूनही टाकू नका. प्रतिमा उघडून बघा आणि वहीत कारण लिहून ठेवा.

६.८ मायक्रॉनच्या चॅनेलबद्दल. त्याला वॉटर व्हेपर चॅनेल म्हणतात, त्यामुळे सगळ्यांचा गैरसमज होतो. तो मुख्यतः सहा ते नऊ किलोमीटर उंचीवरची वाफ बघतो. एकूण बाष्पातला ७० ते ८० टक्के भाग खालच्या तीन किलोमीटरमध्ये असतो, आणि तो भाग या चॅनेलला जवळपास दिसतच नाही. मग तुमच्या समीकरणात तो इतका उपयोगी का ठरला? कारण पावसाळ्यात वरची हवाही दमट असते आणि हिवाळ्यात कोरडी. तो समीकरणाला कॅलेंडर सांगतोय, वाफ सांगत नाही.

तुमच्या ०.९ चा बराचसा भागही कॅलेंडरच आहे. मुंबईत जानेवारीत हवा कोरडी आणि जुलैत दमट, हे सांगायला उपग्रह लागत नाही. म्हणून मी कुठल्याही समीकरणाला पहिली परीक्षा ही देते: प्रत्येक तारखेसाठी मागच्या-पुढच्या सात दिवसांची मिळून दीर्घकालीन सरासरी काढायची, ती फुग्याच्या आणि समीकरणाच्या दोन्ही आकड्यांतून वजा करायची, आणि उरलेल्या चढउतारांचा सहसंबंध बघायचा. सरासरी काढताना परीक्षेचं वर्ष त्यात मिसळायचं नाही. ०.९ चे ०.४ झालेले मी अनेकदा पाहिले आहेत. तुमचे ०.६ राहिले तर ते चांगलं काम आहे, आणि प्रबंधात तोच आकडा लिहा.

परीक्षा कशी घ्यायची हाही मुद्दा तितकाच मोठा आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका प्रकल्पात आम्ही सगळ्या जोड्या पिसून ७० टक्के शिकवायला आणि ३० टक्के तपासायला ठेवल्या होत्या. चूक साडेतीन मिलिमीटर आली, सगळे खूश. पुढच्या पावसाळ्यात प्रत्यक्ष वापरायला घेतलं आणि चूक दुपटीहून जास्त निघाली. शेतकऱ्यांसाठीच्या सल्ल्यात ते आकडे जाणार होते, म्हणून ते अजूनही मनाला लागून आहे. कारण साधं होतं. आजची वाफ कालच्या वाफेसारखीच असते. १२ तारीख शिकवायला आणि १३ तारीख तपासायला गेली, की उत्तरपत्रिका आधीच फुटलेली असते. तेव्हापासून मी पूर्ण वर्ष बाजूला ठेवते. तुमच्याकडे चार वर्षं आहेत, तर तीन शिकवा, एक तपासा, आणि हे आळीपाळीने चार वेळा करा. मग सांताक्रूझवर शिकवून नागपूरवर तपासा. ही दुसरी परीक्षा झोंबते, पण तुम्हाला नकाशे करायचे आहेत, म्हणजे जिथे फुगा नाही अशा शेकडो ठिकाणी समीकरण चालवायचं आहे. ती टाळता येणार नाही.

नकाशाचा विषय निघालाच आहे, तर उंचीचं सांगते. सांताक्रूझ समुद्रसपाटीला, पुणे साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वाफ खालच्या थरात दाटलेली असल्यामुळे डोंगरावर उभं राहिलं की तेवढा जाडसर थर पायाखाली जातो. ढोबळ हिशेबाने कोकणात ६० मिलिमीटर असेल तर तीच हवा महाबळेश्वरवर निम्म्याच्या आसपास भरते. तुमच्या दोन केंद्रांपैकी एक शून्यावर आणि दुसरं तीनशे मीटरच्या आसपास. दोन्हींनी सह्याद्रीची उंची पाहिलेली नाही. म्हणून जमिनीवरचा हवेचा दाब किंवा उंची हे पद घाला, किंवा एकूण बाष्पाऐवजी दाबाने भागलेलं बाष्प हे उत्तर ठरवा. मी दुसरं करते. नाहीतर घाटमाथ्यावर नकाशा हमखास खोटं बोलतो.

जोड्या कशा लावता त्याकडेही परत एकदा बघा. फुगा वाहत जातो म्हणून काळजी करणारे खूप असतात. तो सेकंदाला साधारण पाच मीटरने चढतो, म्हणजे खालचे तीन किलोमीटर दहा मिनिटांत संपतात आणि वाफ तर तिथेच आहे. वाहण्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सांताक्रूझसारख्या ठिकाणी पिक्सेल कुठला घेतला याने. चार किलोमीटरच्या एका चौकोनात समुद्र, खाडी, धावपट्टी आणि वस्ती सगळं येऊ शकतं, आणि प्रतिमा एखादा पिक्सेल सरकलेली असली तर जमिनीच्या जागी पाणी येतं. मी प्रत्येक महिन्यातल्या दोन-चार प्रतिमांवर किनारपट्टीची रेषा टाकून डोळ्यांनी तपासते. शक्यतो किनाऱ्यापासून आत, एकाच प्रकारच्या जमिनीवरचे पाच गुणिले पाच पिक्सेल घेऊन निरभ्र तेवढ्यांची सरासरी काढते. याचा आणखी एक फायदा आहे. समजा प्रत्येक चॅनेलमधला गोंगाट, म्हणजे मोजमापातली वेडीवाकडी चूक, ०.२ अंशाचा आहे. दोन चॅनेल वजा केले की तो ०.२८ होतो. तुमचा उतार अंशाला १५ मिलिमीटर असेल, तर नुसत्या गोंगाटाचे चार मिलिमीटर झाले. पंचवीस पिक्सेलच्या सरासरीने हा गोंगाट पाचपट कमी होतो.

१०.८ आणि १२ ही दोन तापमानं वेगवेगळी पदं म्हणून घालू नका. त्यांचा आपसातला सहसंबंध इतका घट्ट असतो की गुणक एक मोठा धन आणि एक मोठा ऋण येतो, आणि दोन-चार जोड्या बदलल्या की दोन्ही उड्या मारतात. १०.८ एक पद आणि दोघांमधला फरक हे दुसरं. त्यात उपग्रहाच्या तिरक्या नजरेचं पद. इनसॅट-३डीची नेमलेली जागा ८२ अंश पूर्व रेखांशावर आणि त्याचा जोडीदार उपग्रह ३डीआरची ७४ वर, त्यामुळे एकाच गावाकडे दोघांची नजर वेगळ्या कोनातून जाते. एकाचे गुणक दुसऱ्याला जसेच्या तसे लावू नका. मग जमीन आणि हवेच्या तापमानातला फरक, जो हवामान केंद्राच्या नोंदीवरून किंवा रीअॅनालिसिसवरून (जुन्या नोंदी आणि हवामान मॉडेल मिळून बनवलेल्या डेटावरून) मिळेल. दिवस आणि रात्र वेगळे. एवढ्यावर थोडं रिज रिग्रेशन, म्हणजे गुणकांना फार मोठं होऊ न देणारं. हजार जोड्यांसाठी यापेक्षा जास्त यंत्रणा लागत नाही.

न्यूरल नेटवर्कची जागा नाही असं मी म्हणत नाही. ती आहे, पण तिथे ट्रेनिंग डेटा वेगळ्या रीतीने तयार करावा लागतो. फुग्यांच्या किंवा रीअॅनालिसिसच्या हजारो उभ्या नोंदी घ्यायच्या, त्यात जुलैच्या दमट नोंदीही भरपूर ठेवायच्या, आणि आरटीटीओव्हीसारख्या किरणवहन मॉडेलमधून प्रत्येक नोंदीसाठी उपग्रहाला काय दिसलं असतं ते काढायचं. वर खऱ्या उपकरणाइतका गोंगाट मिसळायचा. नासाच्या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाचं इन्फ्रारेड बाष्प बराच काळ अशाच कल्पनेवर, पंधरा हजारांच्या आसपास नोंदींच्या संग्रहावर शिकवलेल्या रिग्रेशनने काढलं गेलं. यात उघडिपीचा पक्षपात राहत नाही, वेळ-जागा जुळवायची कटकट नाही, आणि लाखभर उदाहरणं मिळतात. बदल्यात मॉडेल आणि खऱ्या उपकरणातला कायमचा फरक आधी मोजून काढून टाकावा लागतो. तो टाकला नाही तर सुंदर शिकलेलं नेटवर्क सातत्याने चुकतं. आणि शिकवताना इरा-५ हे रीअॅनालिसिस वापरलं असेल तर तपासायला तेच वापरू नका.

आता हे सगळं केलं तरी काय मिळणार नाही ते सांगायला हवं. इन्फ्रारेडवरून जुलैचा महिनावार नकाशा केलात, तर तो महिन्यातल्या निरभ्र क्षणांचा नकाशा होईल. समीकरण अचूक असलं तरी तो खऱ्या जुलैपेक्षा कोरडाच येणार. हा दोष समीकरण सुधारून जात नाही. म्हणून उत्तर तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर महत्त्वाचे असतील तर मायक्रोवेव्हकडे जा. भारत-फ्रान्सच्या मेघा-ट्रॉपिक्सवरचं सॅफिर उपकरण १८३ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सहा चॅनेलांवर बघायचं, आणि पाऊस नसलेल्या ढगांतून त्याला बरंचसं आरपार दिसायचं. उपग्रह २०११ मध्ये गेला आणि मार्च २०२३ मध्ये तो नियंत्रित पद्धतीने खाली आणला, पण त्याचा संग्रह आहे. वाफेच्या २२ गिगाहर्ट्झच्या शोषण-रेषेवरून समुद्रावरची वाफ फार सुरेख मिळते, जमिनीवर मात्र नाही. पाणी त्या लहरींत थंड दिसतं आणि वाफ त्यावर उठून दिसते. जमीन स्वतःच उजळ असते. पुन्हा तोच खडू आणि तीच भिंत. नोव्हेंबर ते मे पुरेसं असेल, गव्हाच्या किंवा द्राक्षाच्या हंगामासाठी, तर तुमचा इनसॅटचा रस्ता उत्तम आहे. दिवसाचीच मूल्यं चालत असतील तर मोडिसचं ०.९४ मायक्रॉनचं जवळ-इन्फ्रारेड बाष्प एक किलोमीटरवर मिळतं. ते परावर्तित सूर्यप्रकाशावर चालतं, त्यामुळे जमीन आणि हवेच्या तापमानाची अडचण त्याला येत नाही.

तपासणीसाठी फुग्यांखेरीज जीपीएस जरूर बघा. जीपीएस उपग्रहाकडून येणारा सिग्नल हवेत रेंगाळतो. त्यातला कोरड्या हवेचा भाग समुद्रसपाटीला सुमारे २.३ मीटर, तो दाबावरून काढून टाकता येतो. उरलेला ओला भाग साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर पाणी या दराने बाष्पात बदलतो. ढग असोत, पाऊस असो, हे चालतं, आणि दिवसात दोनदाच्या जागी दर अर्ध्या तासाला मिळतं. हैदराबाद आणि बेंगळुरूची आयजीएस या जागतिक जाळ्यातली जीपीएस केंद्रं जुनी आहेत. तिथे ढगाळ आणि निरभ्र वेळांची सरासरी वेगवेगळी काढलीत, तर उघडिपीचा पक्षपात किती मिलिमीटरचा आहे ते तुम्हाला थेट आकड्यात दिसेल. प्रबंधातलं हे एक स्वतंत्र प्रकरण होऊ शकतं, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात फक्त मोजणी: महिनावार, केंद्रवार, पहाट-संध्याकाळ वेगळी, किती निरभ्र जोड्या उरतात त्याचा तक्ता. मग ६.८ चं पद काढून, फरकाचं पद आणि त्याचा वर्ग घालून, वर्ष बाजूला ठेवून पुन्हा रिग्रेशन. मग सरासरी वजा केल्यावरचा सहसंबंध. हे तीन आकडे आणि मे-जुलैच्या चुकांचा आलेख इथे टाका. त्या नऊ मिलिमीटरपैकी किती जमिनीच्या तापमानाने गेले आणि किती ढगांनी, ते त्या आलेखावरून सांगता येईल, आणि मग पुढचं पद कोणतं घालायचं ते ठरवू.